ऑफ-रोड गाडीमागच्या ट्रेलरसाठी ब्रेक कंट्रोलर निवडताना

प्रश्न थोडक्यात असा आहे: फोर-व्हील ड्राइव्ह गाडी आहे, मागे भरल्यावर दोन टनांच्या आसपास जाणारा दोन ॲक्सलचा कॅम्पर ट्रेलर लावायचा आहे आणि त्याच्या चारही चाकांना इलेक्ट्रिक ड्रम ब्रेक आहेत. निम्मा प्रवास डांबरी रस्त्यावर, निम्मा खडी, चिखल आणि डोंगरउतारावरच्या कच्च्या वाटांवर. या ब्रेकना कधी आणि किती जोर द्यायचा हे ठरवणाऱ्या, गाडीत बसवायच्या कंट्रोलरचे समोर तीन पर्याय आहेत: स्वस्तातला टाइमरवाला कंट्रोलर, डॅशबोर्डखाली बसणारा प्रपोर्शनल (गाडी जितक्या जोरात थांबते त्या प्रमाणात ट्रेलरला ब्रेक लावणारा), आणि ज्याचा डबा आत कुठेतरी लपतो व डॅशवर फक्त एक नॉब दिसतो तो. यातला कोणता घ्यावा?

उत्तर आधी सांगतो, कारणं नंतर. सेन्सर बाजूला ठेवून ब्रेकचा जोर स्वतः ठरवता येईल अशी वेगळी सोय असलेला प्रपोर्शनल कंट्रोलर घ्या, आणि त्याचं मॅन्युअल, म्हणजे फक्त ट्रेलरचा ब्रेक हाताने लावायचं, बटण किंवा दांडी रस्त्यावरची नजर न काढता हाताला सापडली पाहिजे. तुमच्या तीन पर्यायांत तिसरा या वर्णनाच्या सर्वांत जवळ आहे. दुसराही चालेल, पण त्याच्या मर्यादा समजून घेऊन. टाइमरवाला या कामासाठी घेऊ नका.

ही निवड बहुतेक जण हायवेचा विचार करून करतात. हायवेवर मात्र आजचा कुठलाही बरा प्रपोर्शनल कंट्रोलर चांगलंच काम करतो, तिथे फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो सुट्या खडीच्या उतारावर, लो रेंजमध्ये (फोर-व्हील ड्राइव्हच्या संथ, जास्त ओढीच्या गिअरमध्ये), चालण्याच्या वेगाने उतरताना. म्हणून निवडही तिथल्या वागणुकीवरून करायची.

आधी ब्रेक लागतो कसा ते पाहू. इलेक्ट्रिक ड्रम ब्रेकमध्ये प्रत्येक चाकाच्या ड्रममध्ये एका दांडीच्या टोकाला विद्युतचुंबक असतो. कंट्रोलरने करंट पाठवला की तो मॅग्नेट फिरत्या ड्रमच्या आतल्या सपाट पृष्ठभागाला चिकटतो आणि ड्रम त्याला आपल्याबरोबर ओढायला लागतो. त्या ओढीने दांडी सरकते आणि ब्रेक शू ड्रमवर दाबले जातात. म्हणजे शू दाबण्याची ताकद येते फिरणाऱ्या चाकातून, करंट फक्त मॅग्नेट चिकटवतो. यातून एक गोष्ट निघते, जी ऑफ-रोडला फार महत्त्वाची आहे: चाक अगदी हळू फिरत असेल तर ब्रेकला चढायला वेळ लागतो, आणि चाक थांबलेलं असेल तर नुसता करंट देऊन तो पुरता आवळला जात नाही. उतारावर उभा केलेला ट्रेलर या ब्रेकच्या भरवशावर सोडून खाली उतरायचं नाही. त्यासाठी हँडब्रेक आणि चाकांखाली ओंडके किंवा दगड हवेतच.

कंट्रोलरचं काम एवढंच की किती करंट आणि कधी पाठवायचा. तो १२ व्होल्ट अतिशय वेगाने चालू-बंद करत राहतो आणि चालू राहण्याचा वेळ कमीजास्त करून जोर ठरवतो. १० किंवा १२ इंची ड्रमचा एक मॅग्नेट पूर्ण जोरावर साधारण ३ अँपिअर घेतो, म्हणजे तुमच्या चार चाकांचे १२ अँपिअर. हा आकडा लक्षात ठेवा, वायरिंगच्या वेळी पुन्हा लागेल.

टाइमरवाला कंट्रोलर पेडल किती जोरात दाबलं हे ओळखत नाही. स्टॉपलाइटचा सिग्नल आला की तो ठरलेल्या गतीने करंट वाढवत नेतो आणि तुम्ही लावून ठेवलेल्या मर्यादेपर्यंत पोचतो. शांत रस्त्यावर, एकाच वजनाच्या ट्रेलरला, त्याची सवय होते. पण खाली घसरती खडी असताना तुम्ही वेग जरा आवरायला पेडलवर पाय नुसता टेकवून ठेवला, तरी दोनतीन सेकंदांत ट्रेलरला पूर्ण जोराचा ब्रेक लागलेला असतो. उलट अचानक समोर काही आलं आणि पेडल पूर्ण दाबलं, तर तो आपल्या संथ गतीनेच वाढतो आणि तेवढ्या वेळात दोन टन वजन गाडीला मागून ढकलत असतं. दोन्हीकडून तोटा.

प्रपोर्शनल कंट्रोलरमध्ये वेग किती झपाट्याने कमी होतोय हे मोजणारा सेन्सर असतो. पूर्वी तिथे लोलक असायचा, आता छोटी ॲक्सेलरोमीटर चिप असते. गाडी जितक्या जोरात थांबते तितक्या प्रमाणात ट्रेलरचा ब्रेक लागतो. टेकोन्शाचा प्रॉडिजी पी३ हा डॅशखाली बसणाऱ्या प्रकारातला सर्वपरिचित कंट्रोलर. रेडार्कचा टो-प्रो एलिट हा नॉबवाल्या प्रकारातला, आणि त्यात प्रपोर्शनलशिवाय दुसरा मोडही आहे, ज्यात पेडल दाबलं की नॉबवर लावलेल्या पातळीइतकाच ब्रेक लागतो. यांखेरीज काही गाड्यांत कंपनीनेच कंट्रोलर बसवलेला असतो आणि तो थेट गाडीच्या ब्रेकचा दाब वाचतो. फोर्डने २००५च्या सुपर ड्यूटी गाड्यांत तो आणला. तुमच्या गाडीत असा आधीच असेल तर नवीन काही विकत घेण्याआधी तो नीट वापरून पाहा. ब्रेकचा दाब हा सेन्सरच्या अंदाजापेक्षा भरवशाचा सिग्नल असतो आणि गाडीच्या एबीएसशी, म्हणजे चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेशी, त्याचा संवादही असतो.

आता उताराकडे येऊ, कारण इथेच सगळी गंमत आहे आणि दुकानात हे कोणी समजावून सांगत नाही.

ॲक्सेलरोमीटरला गाडीचा वेग कमी होतोय की गाडी नुसती पुढे झुकली आहे हे मुळात वेगळं कळत नाही. सपाट रस्त्यावर नेहमीचा, प्रवाशांना धक्का न बसणारा ब्रेक मारला तर साधारण ०.२ ते ०.३ जी (१ जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाइतका त्वरण) इतकं मंदन, म्हणजे वेग घटणं, होतं. आता गाडी १५ अंशांच्या उतारावर नाक खाली करून संथ, एकसारख्या वेगाने उतरतेय असं धरा. वेग बदलत नाही, तरी सेन्सरला ०.२६ जी दिसतात. म्हणजे त्याच्या दृष्टीने तुम्ही बऱ्यापैकी ब्रेक मारताय. तुम्ही पेडलला नुसता स्पर्श केला, स्टॉपलाइट लागला, की तो ट्रेलरला त्या हिशेबाने करंट पाठवतो, मग गाडीला प्रत्यक्षात इंजिनच आवरून धरत असो.

हे चूक आहे का? कोरड्या, घट्ट जमिनीवर नाही. त्या उतारावर ट्रेलरचं वजन खरोखरच तेवढ्या जोराने खाली येत असतं आणि ट्रेलरने आपला भार आपण सांभाळला तर उत्तमच. अडचण पकडीची आहे. सुट्या खडीवर, ओल्या मातीवर चाकाला मिळणारी पकड डांबरापेक्षा बरीच कमी असते. हायवेसाठी लावलेल्या गेनवर (कंट्रोलरवर लावलेल्या ब्रेकच्या जोराच्या पातळीवर) तो करंट पोचला की ट्रेलरची चाकं जाम होतात. ट्रेलरला सहसा एबीएस नसतं. जाम झालेलं चाक आडवी पकड सोडतं, आणि ज्या बाजूला वाट कललेली असेल त्या बाजूला ट्रेलरची शेपटी घसरायला लागते. वाटेच्या दरीकडच्या कडेला हे झालं तर पुढे काय हे सांगायला नको.

चढावर नेमकं उलटं. नाक वर असल्यामुळे सेन्सरला वाटतं की गाडी वेग घेतेय, आणि पेडल दाबूनही तो ट्रेलरला अगदी थोडाच ब्रेक देतो. काही कंट्रोलर पेडल दाबल्यावर किमान थोडा करंट पाठवतातच, तेवढाच. मोकळ्या दगडांच्या चढावर थांबावं लागलं तर गाडी आणि ट्रेलर दोन्हींचं वजन एकट्या गाडीच्या चाकांवर येतं. अशा वेळी हाताने मॅन्युअल दाबावं लागतं.

बरेच प्रपोर्शनल कंट्रोलर स्वतःचं तल स्वतः साधतात, म्हणजे बराच वेळ एकाच कोनात राहिलं की त्या झुकावालाच शून्य मानतात. हायवेवरच्या लांब घाटात ही चांगली सोय आहे. पण खडबडीत वाटेवर कोन दर काही मीटरला बदलतो, एक चाक खड्ड्यात आणि दुसरं दगडावर असतं. मग सेन्सर कधी झुकाव मोजतो, कधी विसरतो, आणि एकाच पेडलला ट्रेलर दोन वेळा दोन प्रकारे वागतो. ड्रायव्हरला सर्वांत जास्त हेच नडतं. ब्रेक कमी असला तर माणूस जुळवून घेतो, जास्त असला तरी घेतो. पण अंदाज येत नसेल तर जुळवून घ्यायचं कशाशी?

म्हणूनच सेन्सर बाजूला ठेवणारा मोड मी इतक्या आग्रहाने सांगतोय. तो लावला की हिशेब साधा होतो: पेडल दाबलं की नॉबवर ठरवलेला तेवढाच ब्रेक, झुकाव कितीही असो. नॉब कमी ठेवायचा, चाकं जाम होणार नाहीत इतका. वाट बदलली, खडीतून कातळावर आलात, की नॉब थोडा वाढवायचा. टाइमरवाल्यासारखंच वाटतं ना हे? फरक असा की त्याचा जोर वाढत वाढत जातो आणि गेन बदलायला त्याच्या बारीक चाकतीशी झटापट करावी लागते. इथे जोर स्थिर असतो, नॉब हाताशी असतो आणि हायवेवर आलात की परत प्रपोर्शनल. दुसऱ्या पर्यायातला, म्हणजे डॅशखालचा कंट्रोलर घेतलात तर असाच परिणाम काही अंशी साधता येतो: कच्च्या वाटेवर शिरतानाच गेन बराच खाली आणायचा आणि बूस्ट, म्हणजे ब्रेक लागताना सुरुवातीलाच जास्त जोर देणारी सोय, बंद ठेवायचा. हे करायला विसरायचं नाही, एवढीच त्याची अट आहे. खूप जण विसरतात.

मॅन्युअल ओव्हरराइडबद्दल, म्हणजे त्या हाताने लावायच्या बटणाबद्दल किंवा दांडीबद्दल, दोन शब्द जास्त लिहितो, कारण मी कंट्रोलर हातात घेतला की सर्वांत आधी तेच बघतो. लो रेंजमध्ये पहिल्या गिअरवर, पाय ब्रेकवरून काढून, इंजिनच्या ओढीवर उतरणं हीच तीव्र उतारावरची योग्य पद्धत. पण पाय ब्रेकवर नाही म्हणजे स्टॉपलाइट नाही, म्हणजे ट्रेलरला ब्रेक नाही. गाडीला इंजिन धरून ठेवतं आणि ट्रेलर मागून गाडीच्या पार्श्वभागाला रेटत राहतो. वळणावर हा रेटा गाडीची मागची चाकं बाहेर फेकायला पुरेसा असतो. अशा वेळी मॅन्युअल हलकेच दाबून ट्रेलरला थोडा ब्रेक लावून ठेवायचा. ट्रेलर मागे ओढून धरतो, गाडी-ट्रेलर एका रेषेत ताणलेले राहतात आणि उतार किती शांतपणे संपतो हे एकदा अनुभवलं की कंट्रोलरच्या बाकीच्या जाहिराती विसरायला होतात. काही गाड्यांत हिल डिसेंट कंट्रोल (उतारावर गाडीचा वेग आपोआप आवरणारी सोय) काम करताना स्टॉपलाइट लागतात आणि कंट्रोलरला तो सिग्नल मिळतो, काहींत नाही. आपल्या गाडीत काय होतं हे दुसऱ्या माणसाला मागे उभं करून एकदा पाहून घ्या.

तर ओव्हरराइड कसा हवा? दाबाप्रमाणे किंवा सरकवण्याप्रमाणे जोर हळूहळू वाढवणारा. नुसता चालू-बंद असेल तर तो उतारावर धोक्याचा. हादऱ्यांत हात नाचत असताना नेमका तितकाच जोर धरता आला पाहिजे. सरकत्या दांडीवर बोट टेकवून हे बऱ्यापैकी जमतं. नॉबवाल्या प्रकारात नॉब आत दाबला की आधी लावलेल्या पातळीपर्यंत ब्रेक चढतो, म्हणजे नॉब कमी ठेवलेला असेल तर कितीही जोरात दाबला तरी चाक जाम होणार नाही, आणि कच्च्या वाटेसाठी मला हे जास्त सुरक्षित वाटतं. ओव्हरराइड वापरताना ट्रेलरचे स्टॉपलाइट लागतात का हेही बघा. लागायला हवेत.

गाडीच्या मागे ट्रेलरच्या वायरी जोडायच्या सॉकेटमध्येच अडकवायचे आणि फोनवरून चालवायचे कंट्रोलरही आता मिळतात, वायरिंग करावं लागत नाही म्हणून ते मोहात पाडतात. भाड्याच्या किंवा उसन्या गाडीला, पक्क्या रस्त्यावर, ठीक. पण गाडीच्या मागच्या बंपरला, चिखल-पाण्याच्या माऱ्यात लटकलेला डबा, आणि ऐन उतारावर फोनच्या काचेवर बोट शोधायचं, हे या कामाला शोभत नाही.

बसवण्याची जागा. डॅशखालचा कंट्रोलर गाडीच्या दिशेला समांतर, डावी-उजवीकडे समतल आणि कंपनीने सांगितलेल्या कोनाच्या आत बसवावा लागतो, नाहीतर सेन्सरचा हिशेबच चुकतो. ऑफ-रोड गाड्यांत तिथे नेमकी लो रेंजची दांडी, रेडिओ, डिफरन्शिअल लॉकची बटणं आणि ड्रायव्हरचा गुडघा असतो. खड्ड्यात गाडी आपटली की गुडघा कंट्रोलरवर आपटतो, आणि कधी तर सरळ ओव्हरराइडवरच. गुडघ्याच्या एअरबॅगचा मार्गही मोकळा ठेवायचा असतो. नॉबवाल्याचा मुख्य डबा कुठल्याही कोनात बसवता येतो, पुढची दिशा तो पहिल्या काही ब्रेकिंगमधून स्वतः शिकतो. फक्त तो गाडीच्या धातूच्या किंवा कडक भागाला घट्ट बसलेला असावा. मी असे डबे वायरच्या जुडग्याला झिप-टायने लटकवलेले पाहिले आहेत. मग कच्च्या रस्त्यावरच्या लाटांवर डबाच स्वतंत्रपणे हलतो आणि सेन्सर बिचारा गाडीऐवजी स्वतःचं हलणं मोजत बसतो.

कंट्रोलरइतकंच, खरं तर त्याहून जास्त, वायरिंग महत्त्वाचं आहे. ब्रेक कमी लागतो म्हणून कंट्रोलर बदलायला आलेल्या गाड्यांत मला कंट्रोलर क्वचितच बिघडलेला सापडतो. बहुतेक वेळा वायर बारीक असते, अर्थिंग गंजलेलं असतं किंवा ड्रम ॲडजस्ट केलेले नसतात.

वायरचा हिशेब करून दाखवतो. कंट्रोलरपासून मागच्या चाकांपर्यंत ८ मीटर वायर धरा, परतीची ८, म्हणजे १६ मीटर. चार मॅग्नेटचे १२ अँपिअर. १ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर वापरली तर वाटेतच साडेतीन व्होल्टच्या आसपास गळून जातात, मॅग्नेटला उरतात जेमतेम नऊ. २.५ चौरस मिलिमीटरला ही गळती साधारण सव्वा व्होल्ट, ६ चौरस मिलिमीटरला अर्ध्या व्होल्टच्या किंचित वर. गाडीच्या आत ६ची वायर टाका, ट्रेलरमध्येही मुख्य लाइन तितकीच जाड घ्या, आणि अर्थिंग चेसिसच्या भरवशावर न सोडता वेगळ्या वायरने परत आणा. ट्रेलरच्या जोडाचा गोळा आणि कप यांच्यातून परतणारा करंट हा कधी लागतो कधी नाही अशा ब्रेकचं कारण असतो, आणि हा दोष शोधायला जीव मेटाकुटीला येतो.

कंट्रोलरचा पॉझिटिव्ह थेट बॅटरीवरून, बॅटरीजवळच आपोआप जोडला जाणारा ब्रेकर घालून घ्या. साधा फ्यूज नको, कारण क्षणभराच्या शॉर्टने तो उडाला तर पुढच्या उतारावर तुम्हाला ब्रेकच नसेल. दोन ते चार ब्रेक असलेल्या ट्रेलरला २० अँपिअरचा ब्रेकर पुरतो, सहा-आठ असतील तर ३०. कंट्रोलरची नेगेटिव्ह वायरही बॅटरीलाच न्या. स्टॉपलाइटचा सिग्नल पेडलच्या स्विचवरून घ्यायचा असतो, पण नव्या गाड्यांत हा स्विच कॉम्प्युटरशी बोलतो आणि चुकीच्या वायरला जोड दिला तर डॅशवर दिव्यांची रांग लागते. आपल्या मॉडेलसाठी तयार प्लगचं हार्नेस (वायरींचा तयार जुडगा) मिळत असेल तर चार पैसे जास्त देऊन तेच घ्या. सातपिनी सॉकेटची रचना सगळीकडे सारखी नसते, म्हणून दुसऱ्या प्रदेशातला ट्रेलर आणला असेल तर नुसता प्लग बसला म्हणून समाधान मानू नका, ब्रेकची निळी वायर कुठल्या पिनवर आहे ते मीटरने तपासा.

तपासणी सोपी आहे. क्लॅम्प मीटर (वायर न तोडता बाहेरूनच करंट मोजणारा) निळ्या वायरभोवती लावायचा, गेन पूर्ण करून मॅन्युअल दाबायचं. १२ अँपिअरच्या जवळ आकडा आला तर वायरिंग निरोगी. नऊ आला तर बहुधा एक मॅग्नेट मेलेला किंवा सुटलेला. सहा आला तर एका अख्ख्या ॲक्सलची वायर तुटली असेल. सगळे ब्रेक सुट्या ऑफ-रोड वाटांवर दगड, काटक्या, पाणी खात असतात. विशेषतः ॲक्सलच्या पोकळ नळीतून नेलेली वायर हादऱ्यांनी आत घासत राहते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. मोठ्या प्रवासाआधी हे पाच मिनिटांचं मोजमाप करायलाच हवं.

टायरचा मुद्दा कोणी काढत नाही, म्हणून काढतो. ऑफ-रोड ट्रेलरला गाडीच्याच मापाचे मोठे टायर लावायची पद्धत आहे, स्पेअर एकच लागतो, जमिनीपासून उंचीही मिळते. पण ब्रेक ड्रमवर जो पीळ निर्माण करतो, तो जमिनीपर्यंत टायरच्या त्रिज्येने भागून पोचतो. २८ इंची टायरऐवजी ३३ इंची लावला तर तोच ब्रेक जमिनीवर सुमारे १५ टक्के कमी जोर देतो. १० इंची ड्रम असेल तर गेन पूर्ण करूनही चाक जाम होत नाही अशी तक्रार मग येते आणि दोष कंट्रोलरला लागतो. मोठ्या टायरला १२ इंची ड्रम हवेत.

सेटिंग कसं करायचं ते आता. नवे शू असतील तर आधी त्यांना ड्रमवर बसू द्या: साधारण ६५च्या वेगावर मॅन्युअल दाबून ३०पर्यंत यायचं, मग किलोमीटर-दीड किलोमीटर थंड होऊ द्यायचं, असं वीस-तीस वेळा. त्यानंतर शूमधलं अंतर पुन्हा ॲडजस्ट करा, कारण ते वाढलेलं असतं. आता ट्रेलर प्रवासाइतका भरून, मोकळ्या कोरड्या सपाट रस्त्यावर, ताशी ४० किलोमीटरने जाताना मॅन्युअल पूर्ण दाबा. ट्रेलर गाडीला ठामपणे मागे ओढताना जाणवला पाहिजे, पण चाकं जाम होता कामा नयेत. जाम झाली तर गेन एक घर खाली. हा झाला डांबराचा आकडा. मग हीच चाचणी खडीच्या सपाट पट्ट्यावर, २०-२५च्या वेगाने करा आणि तो दुसरा, बराच लहान आकडा एका चिठ्ठीवर लिहून डॅशवर चिकटवून ठेवा. रिकाम्या ट्रेलरचे आकडे वेगळे येतील. पाण्यातून गेलात तर बाहेर आल्यावर थोडं अंतर मॅन्युअल हलके दाबून ड्रम सुकवा, गाळ बराच शिरला असेल तर मुक्कामावर ड्रम उघडून धुवा. मॅग्नेट आणि ड्रम यांच्यात अडकलेली वाळू मॅग्नेट फार लवकर खाते.

ब्रेकअवे हा कंट्रोलरचा भाग नाही, पण त्याच्याशिवाय हे उत्तर अपुरं राहील. ट्रेलर सुटला तर पिन ओढली जाऊन ट्रेलरवरची छोटी बॅटरी स्वतःच्या ताकदीने ब्रेक लावते. अमेरिकेच्या व्यावसायिक वाहनांच्या नियमांत ते किमान १५ मिनिटं लागून राहिले पाहिजेत असं म्हटलं आहे. ऑस्ट्रेलियात २ टनांवरच्या ट्रेलरला सर्व चाकांना ब्रेक आणि ब्रेकअवे सक्तीचे आहेत. तुम्ही त्या सीमारेषेवरच आहात, तेव्हा आपल्या भागातला नियम वजनासकट तपासून घ्या. ब्रेकअवेची चाचणी करताना ट्रेलरचा प्लग गाडीतून काढून मगच पिन ओढा, नाहीतर ट्रेलरच्या बॅटरीचा करंट उलटा कंट्रोलरमध्ये शिरतो. आणि पिन लगेच परत बसवा, मॅग्नेट तापतात.

पुढे कधी ट्रेलरला डिस्क ब्रेक बसवायचा विचार असेल, तर ते हायड्रॉलिक असतात आणि मध्ये एक विजेवर चालणारा पंप लागतो. सगळेच कंट्रोलर त्या पंपाशी जमवून घेत नाहीत, काहींना समोर ट्रेलर जोडलाय हेच कळत नाही. तसा बेत असेल तर कंट्रोलर घेतानाच इलेक्ट्रिक-ओव्हर-हायड्रॉलिक चालतं असं त्याच्या माहितीपत्रकात लिहिलेलं बघून घ्या. प्रॉडिजी पी३मध्ये त्यासाठी वेगळी सेटिंग आहे. चिखल-पाण्यात डिस्क लवकर सुकतात, हा त्यांचा खरा फायदा. पण मधल्या वाटेत पंप बिघडला तर दुरुस्त करणारा मिळत नाही, ड्रमचा मॅग्नेट मात्र जवळ ठेवून स्वतः बदलता येतो. दूरच्या वाटांसाठी मी अजून तरी ड्रमच्याच बाजूने आहे.

ट्रेलरची ऑर्डर अजून पक्की केली नसेल तर बनवणाऱ्याला तीन गोष्टी आत्ताच सांगा: १२ इंची ड्रम, ब्रेकची वायर ॲक्सलच्या नळीतून नको तर बाहेरून संरक्षक नळीत, आणि ब्रेकची मुख्य लाइन व अर्थिंग दोन्ही ६ चौरस मिलिमीटर. ट्रेलर रंगून आल्यावर यातलं काहीही बदलायचं म्हटलं तर दुप्पट काम पडतं. कंट्रोलर काय, नंतरही बदलता येतो.